मनालीजवळचे घर हिवाळ्यासाठी बंद करताना

मुलुंडच्या एका निवृत्त दांपत्याने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. मनालीच्या वरच्या अंगाला, सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या एका गावात त्यांनी दुमजली घर दीर्घ मुदतीच्या करारावर घेतले आहे. उन्हाळा आणि शरद ऋतू ते तेथे घालवतात, दिवाळीनंतर घर बंद करून मुंबईला येतात आणि मार्चअखेर परत जातात. घराला पत्र्याचे उतरते छप्पर आहे, मागच्या पडवीवर सपाट स्लॅब आहे, भिंतींत सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या कडक प्लास्टिकचे) पाइप गाडलेले आहेत, वर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आणि दोन न्हाणीघरांत दोन गीझर आहेत. ‘जाताना मुख्य कॉक बंद करा म्हणजे झाले’, असे घरमालकाने त्यांना सांगितले आहे. शिवाय नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि नातवंडे बर्फ पाहण्यासाठी आठवडाभर त्या घरात राहणार आहेत. कॉक बंद करणे पुरेसे आहे का आणि त्या आठवड्यासाठी काय तयारी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

कॉक बंद करणे पुरेसे नाही. इमारतींच्या पाणीपुरवठ्याचे काम मी मुंबईत करत आलो आहे आणि त्याच कामानिमित्त कुलू खोऱ्यातील काही लहान हॉटेलांची व घरांची नळव्यवस्थाही पाहिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तेथे मुंबईकरांची अडचण थंडीमुळे होते त्यापेक्षा पाण्याविषयीच्या सवयीमुळे अधिक होते. मुंबईत नोंदलेले सर्वांत कमी तापमान सांताक्रूझचे, २२ जानेवारी १९६२ चे, ७.४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे या शहरात नळातले पाणी गोठण्याचा प्रसंग कोणावर आलेला नाही. टाकी सदैव भरलेली आणि पाइप सदैव दाबाखाली असावा, हेच आपल्याकडे चांगल्या नळकामाचे लक्षण मानले जाते. शून्याखालच्या प्रदेशात बंद घराच्या बाबतीत हाच नियम उलटा करावा लागतो. रिकाम्या घराला थंडी फारसे काही करत नाही. दगड, लाकूड, फरशी, पलंग, भांडी हे सगळे उणे दहा अंशांतही निमूट पडून राहते. नुकसान होते ते आत अडकून राहिलेल्या पाण्यामुळे. म्हणून तुमच्या सगळ्या तयारीचा अर्थ एवढाच, की घरात जेथे जेथे पाणी आहे तेथून ते काढायचे आणि बाहेरून येणारे पाणी कोठे अडणार नाही असे पाहायचे.

पाइप कसा फुटतो, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण पुढचे प्रत्येक काम त्यावरून ठरते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाइप त्या जागीच चिरतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे होत नाही. थंड भिंतीजवळ पाइपात बर्फाचे बूच तयार होते, ते लांबीने वाढत जाते आणि त्या बुचाच्या व बंद नळाच्या मध्ये सापडलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. तेथे दाब इतका चढतो की बर्फ नसलेल्या ठिकाणीही, बहुधा एखाद्या कोपराशी किंवा सांध्याशी, पाइप फाटतो. फाटला तरी त्या दिवशी काहीच दिसत नाही, कारण बुचाने वाट अडवलेली असते. ऊन पडून बूच वितळले की पाणी मोकळे सुटते, आणि घरात कोणी नसेल तर दिवसचे दिवस वाहत राहते. घरमालकाने सांगितल्याप्रमाणे मुख्य कॉक बंद ठेवला तर हे वाहणे टळेल, म्हणून तो बंद करायचाच. पण पाइपांत, गीझरात आणि टाकीत आधीच भरून राहिलेले पाणी जागच्या जागी गोठायचे राहत नाही. मार्चमध्ये कॉक उघडला की भिंतीच्या आतून पाझर सुरू होईल आणि फाटलेला सांधा शोधण्यासाठी टाइल्स फोडाव्या लागतील. सीपीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो, त्यामुळे तुमच्या घरात ही शक्यता अधिक आहे.

येथे जाता जाता कराराबद्दल एक सूचना करतो. हिमाचलात बाहेरच्या बिगरशेतकऱ्यांना जमीन घेण्यावर तेथील १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ ची बंधने असल्याने तुमच्यासारखे अनेक जण भाडेकराराचाच मार्ग धरतात. गोठून फुटलेल्या पाइपाचा खर्च कोणाचा, हे त्या करारात सहसा लिहिलेले नसते. ते लिहून घ्यावे, आणि घर बंद करताना केलेल्या कामाची छायाचित्रे घरमालकाला पाठवून ठेवावीत.

आता पाणी काढण्याचे काम. ते दिवाळीच्या तिथीवर अवलंबून ठेवू नये. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. मनालीच्या परिसरात नोव्हेंबरच्या रात्री शून्याला टेकू लागतात, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम झालेले असावे. निघण्याच्या दिवशी सकाळी, टॅक्सी दाराशी उभी असताना, ते उरकण्याचा विचारही करू नये. आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना, स्थानिक प्लंबरला बरोबर घेऊन करावे आणि रात्रीपुरते पाणी बादल्यांत काढून ठेवावे.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही गीझरांचे एमसीबी (विजेच्या बोर्डावरचे त्यांचे खटके) बंद करणे, कारण रिकाम्या गीझरचे बटण चुकून चालू राहिले तर त्याचे एलिमेंट काही मिनिटांत जळते. नंतर मुख्य कॉक आणि टाकीकडे पाणी चढवणारा पंप बंद करावा. टाकीतले पाणी तळाच्या निचरा-नळीने पूर्ण सोडून द्यावे. अर्धी रिकामी टाकी चालते असे तेथे अनेक जण सांगतील, आणि टाकीपुरते ते काही अंशी खरेही आहे, कारण प्लास्टिक थोडे ताणले जाते आणि वर बर्फाला फुगायला जागा असते. पण टाकीच्या बुडातून निघणारा सांधा आणि त्याखालचा पाइप मात्र भरलेलाच राहतो आणि फुटतो तो तोच. त्यानंतर सर्वांत वरच्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक नळ उघडावा. गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ असेल तर दोन्ही बाजू उघडाव्यात, शॉवर आणि कमोडजवळच्या जेटच्या नळ्या खाली लोंबत्या सोडून त्यांची मूठ दाबून पाणी काढावे, आणि घराच्या सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याचा कॉक उघडावा. असा कॉक तुमच्या घरात नसेल तर या वर्षी सर्वांत आधी तोच बसवून घ्या. त्यावाचून बाकीची खटपट अर्धीच राहते.

गीझरबद्दल एक गोष्ट बऱ्याच प्लंबरांच्याही लक्षात राहत नाही. गीझरमधून गरम पाणी बाहेर येते ते टाकीच्या वरच्या भागातून, आणि थंड पाणी आत शिरते ते तळातून. त्यामुळे गरम पाण्याचा नळ कितीही वेळ उघडा ठेवला तरी गीझर रिकामा होत नाही. पंधरा-पंचवीस लिटर पाणी आत तसेच राहते. शिवाय आत येणाऱ्या नळीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये एकदिशा झडप असल्याने ते पाणी उलटही येत नाही. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून, किंवा ती नसल्यास आत येणारी नळी सोडवून, खाली बादली धरून गीझर पूर्ण उपसावा. त्या वेळी गरम नळ उघडा असावा, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाणी अडखळत नाही.

तशीच दुसरी जागा म्हणजे बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाव फेरा फिरणाऱ्या दांडीचा कॉक. तो पूर्ण बंद केला की मधल्या गोळीच्या पोकळीत चमचाभर पाणी कोंडून राहते आणि तेवढे पाणी पितळेचा कॉक चिरायला पुरेसे असते. म्हणून पाइप रिकामे झाल्यावर घरातले असे सगळे कॉक अर्धवट, तिरके ठेवून सोडावेत. मुख्य कॉक अर्थातच याला अपवाद आहे. तो बंदच ठेवायचा, आणि म्हणूनच तो जमिनीखालच्या खोल चेंबरमध्ये, वर पेंढा किंवा थर्माकोल भरलेला, असा असायला हवा. रस्त्यापासून त्या कॉकपर्यंतच्या पाइपात पाणी राहणारच. तो पाइप गावातल्या इतर जोडण्यांइतकाच खोल गाडलेला आहे ना, हे तुमच्या शेजाऱ्याला विचारा, कारण तेथे किती खोलीवर पाणी गोठत नाही हे त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

भिंतीतले पाइप उतारावर टाकलेले असते तर एवढ्याने ते कोरडे झाले असते. पण आपल्याकडचे कारागीर पाण्याच्या पाइपाला उतार देत नाहीत, आणि कुलूकडचेही आता देत नाहीत, कारण नळकामाची पद्धत मैदानातूनच तेथे गेली आहे. त्यामुळे मध्ये मध्ये खोलगट जागी पाणी साचून राहते. यावर उपाय म्हणजे पंक्चरवाल्याकडे असतो तसा लहान कॉम्प्रेसर आणून एका टोकाने हवा सोडणे. एक एक नळ उघडत, तुषार येणे थांबेपर्यंत हवा फुंकावी. दाब ३ बारच्या वर नेऊ नये, आणि त्याआधी गीझर ओळीतून सोडवावेत. हवेचा धक्का त्यांच्यासाठी नसतो. मला विचाराल तर कॉम्प्रेसरचा हा अर्धा तास तुमच्या सगळ्या तयारीतला सर्वांत मोलाचा आहे.

पाणी नळांपुरतेच नसते. फ्लशची टाकी उपसून तळाचे पाणी स्पंजने टिपावे. वॉशिंग मशीनच्या दोन्ही नळ्या सोडवाव्यात आणि पुढच्या बाजूस खाली असलेली जाळी काढून पंपातले पाणी सांडू द्यावे. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातली मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, एकदा गोठली की ती पुन्हा कामाची नाही असेच समजावे. यंत्राची साठवण रिकामी करून मेम्ब्रेन ओलसर अवस्थेत पिशवीत बंद करावी आणि सरळ मुंबईला घेऊन यावी. गच्चीवर सौर बंब असेल तर तो बसवणाऱ्याकडून रिकामा करून घ्यावा.

राहिले सांडपाण्याकडचे. वॉशबेसिनच्या खालचा बॉटल ट्रॅप, न्हाणीचा ट्रॅप आणि कमोडचा बाक या तिन्ही ठिकाणी मुद्दाम पाणी साठवलेले असते, कारण त्या पाण्याच्या पडद्यामुळेच गटाराचा वास घरात येत नाही. ते पाणी काढून टाकले तर वास आणि झुरळे येतील. ठेवले तर कमोड तडकेल. त्यासाठी त्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून ओतावे. हे मिश्रण उणे तीस अंशांपर्यंत घट्ट गोठत नाही. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत ते मिळते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवे किंवा लाल कूलंट मात्र वापरू नये. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते, विषारी असते, चवीला गोड असते आणि सांडलेले कुत्र्यामांजरांनी चाटले तर जीव जातो. गावात काही जण ट्रॅपमध्ये मूठभर मीठ टाकतात. दाट खारे पाणी उशिरा गोठते हे खरे, पण त्याने धातूचा बॉटल ट्रॅप सडतो.

काही वाचक विचारतील की एवढे करण्यापेक्षा एक हीटर मंद चालू ठेवला तर काय हरकत आहे. युरोप-अमेरिकेत बंद घरही बारा-तेरा अंशांवर ठेवण्याची रीत आहे, आणि तेथे ती चालते. आपल्या पहाडांत मोठी हिमवृष्टी झाली की तारा तुटतात, झाडे पडतात आणि वीज जाते, म्हणजे ज्या रात्री हीटरची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच रात्री तो बंद असतो. पाइपाभोवती गुंडाळायच्या तापतारांचीही हीच गोष्ट. कोणी नसलेल्या लाकडी घरात चार महिने विजेचे उपकरण चालू ठेवण्यातला आगीचा धोका तर वेगळाच. पाइपांवर चढवायच्या काळ्या फोमच्या नळ्या, ज्या आपण स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पाइपांवर पाहतो, त्या उपयोगी आहेत आणि नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीच्या परिसरात स्वस्त मिळतात. मात्र त्या उष्णता निर्माण करत नाहीत, फक्त पाणी थंड होण्याचा वेग कमी करतात. घरात माणसे राहत असतील तर रात्रीचे सहा-आठ तास त्या निभावून नेतील. चार महिने बंद घरात त्यांचा काहीच उपयोग नाही.

आता छप्पर. बर्फ हलका असतो, ही समजूत चित्रपटांनी करून दिलेली आहे. नुकताच पडलेला कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो किंवा त्याहून कमी भरतो, परंतु दोन-चार दिवस बसलेला, मधल्या उन्हाने ओलावलेला बर्फ तीनशे किलोपर्यंत सहज जातो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर असा एक फूट बर्फ साचला तर साडेआठशे किलोचे ओझे होते. उतरत्या पत्र्यावरून तो घसरून जातो, म्हणून उतरते पाखे हीच तेथली खरी रचना आहे. तुमच्या घराचा दुबळा भाग म्हणजे मागच्या पडवीवरचा सपाट स्लॅब, कारण त्याच्यावर पडणारा बर्फ तर आहेच, शिवाय वरच्या पत्र्यावरून घसरलेला सगळा ढीगही तेथेच येऊन आदळतो. हिमभाराचा हिशेब भारतीय मानक ८७५ च्या चौथ्या भागात दिलेला आहे. स्लॅब त्यानुसार केलेला आहे का, हे स्थानिक अभियंत्याकडून तपासून घ्यावे. नसेल तर खालून दोन खांबांचा आधार देणे फार खर्चाचे नाही.

त्या स्लॅबवर मुंबईच्या पद्धतीचा वीटतुकड्यांचा कोबा, म्हणजे गळती रोखण्यासाठीचा थर, केलेला असेल तर आणखी एक दुखणे आहे. कोबा पाणी पितो. मुंबईत ते पुढे उन्हात सुकून जाते, तेथे मात्र ते रात्री गोठते, दुपारी वितळते, पुन्हा रात्री गोठते, आणि प्रत्येक फेरीत विटेचे कण सुटत जातात. दोन-तीन हिवाळ्यांत वरचा थर पोकळ वाजू लागतो. अशा स्लॅबवर उतरता पत्रा टाकून घेणे हा एकमेव टिकाऊ उपाय आहे, आणि तो पुढच्या उन्हाळ्यात करावा; या वर्षी निदान पाणी जाण्याची भोके मोकळी करून ठेवावीत.

वळचणीची काळजी घर बंद असताना कमी आणि घरात माणसे असताना जास्त घ्यावी लागते, हे ऐकायला विचित्र वाटेल. घर तापलेले असेल तर ती ऊब माळ्यातून पत्र्याला लागते, बर्फाचा तळचा थर वितळतो आणि पाणी उताराने खाली येते. वळचणीचा भाग भिंतीच्या बाहेर, थंड हवेत असल्याने तेथे ते पुन्हा गोठते. त्या बर्फाचा बांध वाढत गेला की मागचे पाणी पत्र्याच्या जोडांतून उलटे आत शिरते. बाहेरून लोंबणारे लांब हिमदांडे शोभिवंत दिसतात, पण ते याच दोषाचे लक्षण असते. माळ्याच्या तक्तपोशीवर उष्णता अडवणाऱ्या रॉकवूल किंवा ग्लासवूलचा जाड थर अंथरला आणि त्यावरच्या पोकळीत हवा खेळती ठेवली की पत्रा थंड राहतो आणि हा प्रकार थांबतो. पावसाळ्यासाठी लावलेली पत्र्याची पन्हळ हिवाळ्यापूर्वी उतरवून ठेवावी, नाहीतर पहिल्याच घसरणीबरोबर ती खाली येईल. आणि दाराच्या चौकटीवर वरून बर्फ कोसळणार नाही, एवढे पाहून घ्यावे.

कुलूकडची जुनी काठकुणी घरे, ज्यांत देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर आलटून पालटून रचलेले असतात, ती या सगळ्यांतून सुटलेली दिसतात त्याचे एक कारण अगदी साधे आहे : त्यांच्या भिंतींत नळच नव्हते. गुरे तळाला, माणसे वर, आणि पाणी बाहेरून घागरीने आणलेले. आपण त्या भिंतींत मुंबईचे न्हाणीघर बसवले आणि तेव्हापासून ही कामे लागली.

किरकोळ गोष्टींपैकी इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी विसरू नये. पूर्ण चार्ज केलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतील आम्ल तेथील कोणत्याही थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतील द्रव उणे दहाच्या आसपास गोठून तिचे डबे फुटू शकतात. म्हणून ती पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवावी. भरलेल्या बाटल्या, लोणच्याच्या काचेच्या बरण्या, औषधांचे द्रव, भिंतीचा रंग हे घरात ठेवू नये. उंदीर हिवाळ्यात आडोसा शोधतात, तेव्हा पाइप शिरतात तेथील फटी तारेच्या जाळीने आणि सिमेंटने बुजवाव्यात, आणि गाद्या लोखंडी पेटीत किंवा टांगून ठेवाव्यात.

आता नाताळच्या आठवड्याकडे येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या आठवड्यात घरातली नळव्यवस्था सुरू करू नये. एकदा कोरडे केलेले पाइप डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा भरायचे आणि आठ दिवसांनी, मुले परतीच्या घाईत असताना, पुन्हा नीट रिकामे करायचे, हे होत नाही. झालेच तर अर्धवट होते, आणि अर्धवट रिकामा पाइप हा भरलेल्या पाइपाइतकाच वाईट. लहान मुले बरोबर असल्याने गावातल्याच एखाद्या गरम होमस्टेमध्ये मुक्काम करून दिवसा आपल्या घरी यावे, हे सर्वांत सोयीचे. तरीही आपल्याच घरात राहायची हौस असेल, आणि ती मी समजू शकतो, तर सगळे घर तापवण्याच्या भानगडीत न पडता एकच खोली वापरावी. दक्षिणेकडे खिडकी असलेली, लाकडी तक्तपोशीची खोली निवडा. खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावा, रात्री जाड पडदे ओढा, फरशीवर सतरंज्या अंथरा. एकेरी काचेतून दुहेरी काचेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर जाते. दुहेरी काच लगेच बसवता येणार नसेल तर काचेवर आतून फुगेवाले पॅकिंगचे प्लास्टिक चिकटवले तरी फरक जाणवतो. पाणी शेजाऱ्याकडून झाकणाच्या पिंपांत भरून त्याच खोलीत ठेवावे. एक कमोड बादलीने वापरावा आणि निघताना त्या एकाच ट्रॅपमध्ये पुन्हा ग्लायकॉल ओतावे. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालण्याची मुंबईची सवय तेवढे दिवस सोडावी. ती वाफ काचेवर आणि भिंतीच्या कोपऱ्यांत पाणी होऊन बसते.

खोली तापवण्याच्या साधनाबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. दार-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे झोपेत दगावतात. त्याला कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, मळमळणे, ग्लानी येणे ही लक्षणे थंडीची किंवा प्रवासाच्या थकव्याची वाटतात. मुंबई-ठाण्यातही बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने असेच मृत्यू झालेले आहेत, त्यामुळे हा वायू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शेगडी, गॅसचा उघडा हीटर किंवा स्वयंपाकाचा गॅस, यांपैकी काहीही खोली तापवण्यासाठी वापरू नये. धुराड्याची नळी असलेला लोखंडी तंदूर, ज्याला काश्मीरकडे बुखारी म्हणतात, तो चालेल. पण त्याची नळी हंगामापूर्वी आतून काजळी काढून साफ केलेली असावी, तिचे टोक छपरावरच्या बर्फात बुडालेले नसावे, आणि झोपण्यापूर्वी तो विझू द्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मुंबईहूनच घेऊन जावा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. तेलाचा विजेचा हीटर सर्वांत निर्धोक. तो २,५०० वॉटचा असेल तर सुमारे ११ अँपिअर वीज ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावणे म्हणजे आग लावण्याची तयारी आहे.

गॅसची शेगडी थंडीत मंद चालली तर रेग्युलेटरला दोष देऊ नये. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनचा अंश मोठा असतो आणि शुद्ध ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायुरूप होत नाही. सिलिंडर घराच्या आतल्या, त्यातल्या त्यात उबदार जागी ठेवावा. त्याला गरम पाण्यात उभा करणे किंवा शेगडीजवळ आणणे हे जिवावरचे आहे.

पुढे कधी तुम्ही स्वतः हिवाळ्यात तेथे राहिलात आणि सकाळी नळाला पाणी आले नाही, तर घाबरून जाऊ नये. आधी मुख्य कॉक बंद करावा, नळ उघडा ठेवावा, आणि मग नळाच्या टोकापासून मागे मागे जात गरम पाण्यात भिजवलेले फडके किंवा केस वाळवायचे यंत्र वापरून पाइप सावकाश तापवावा. मधूनच सुरुवात केली तर वितळलेले पाणी दोन बर्फांमध्ये कोंडते. पेटता बोळा किंवा ब्लो-लॅम्प लावू देऊ नये, गावातला प्लंबर कितीही आत्मविश्वासाने सांगत असला तरी. रात्री एक नळ बारीक धारेने सोडून ठेवण्याची तेथील पद्धत बरोबर आहे; वाहत्या पाण्याने थोडी ऊब येते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळ उघडा असल्याने बुचामागचा दाब चढत नाही.

मार्चअखेर परत गेल्यावर घर घाईने सुरू करू नये. रात्रीचे तापमान सलग काही दिवस शून्याच्या वर राहिल्यावरच पाणी घ्यावे. सगळे नळ बंद करून, फक्त सर्वांत वरचा एक उघडा ठेवून, मुख्य कॉक किंचितच उघडावा आणि हवा निघून जाऊ द्यावी. पाइप भरले की कॉक पुन्हा बंद करून तासभर थांबावे आणि एकाने वर, एकाने खाली कान लावून भिंती तपासाव्यात. दाबमापक बसवून घेतलात तर काटा खाली येतो का, एवढे पाहिले तरी पुरते. त्यानंतर गीझर जोडून भरावेत, गरम नळातून अखंड धार येऊ लागली याची खात्री करावी, आणि मगच त्यांचे एमसीबी वर करावेत.